मॅक्रोसाठी काय घ्यावे: ६० मिमी, १०० मिमी, की आहे त्या लेन्सवर भिंग?

शेवंतीकर
नमस्कार मंडळी. माझ्याकडे कॅननचा एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान) सेन्सर असलेला डीएसएलआर आहे आणि त्यासोबत १८-५५ व ५५-२५० एसटीएम अशा दोन झूम लेन्स आहेत. गच्चीतल्या कुंड्यांवर येणारे कोळी, मुंग्या, अळ्या आणि कढीपत्त्यावर लाइम फुलपाखराने घातलेली अंडी यांची छायाचित्रे काढण्याची फार इच्छा आहे. हे अंडे जेमतेम मिलिमीटरभर असते, त्यामुळे ५५-२५० कितीही ताणली तरी पानावरचा एक पिवळसर ठिपका यापलीकडे हाती काही लागत नाही.

दुकानदाराच्या मते १०० मिमीची मॅक्रो (लहान वस्तू अगदी जवळून टिपणारी) लेन्स ६० मिमीच्या मॅक्रोपेक्षा किडा 'मोठा' दाखवते, म्हणून थोडे पैसे जास्त घालून तीच घ्यावी. एका परिचितांचे म्हणणे असे की लेन्स घेऊच नये, आहे त्याच लेन्सपुढे भिंग लावावे. सप्टेंबरात कासच्या पठारावर जाण्याचाही बेत आहे. अनुभवी सभासदांनी कृपया मार्गदर्शन करावे.

खडकवासी
वाचतो आहे. माझाही हाच प्रश्न आहे, फक्त कॅमेरा निकॉनचा आहे.

निरीक्षक
शेवंतीकर, दुकानदाराचे म्हणणे तेवढे बाजूला ठेवा. कॅननची ६० मिमी असो वा १०० मिमी, दोन्ही लेन्स जास्तीत जास्त १:१ एवढेच मॅग्निफिकेशन देतात. १:१ याचा अर्थ असा की प्रत्यक्षात १० मिमी लांब असलेला किडा सेन्सरवरही १० मिमीच लांब उमटतो. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर सुमारे २२.३ मिमी रुंद आहे, त्यामुळे कोणत्याही १:१ लेन्सने चौकटीत कमीत कमी २२.३ मिमी रुंदीचा प्रदेश येणारच. तुमचे एक मिलिमीटरचे अंडे त्या चौकटीच्या रुंदीचा साधारण बाविसावा भाग व्यापेल. लेन्स साठची असली तरी तेवढाच आणि शंभरची असली तरी तेवढाच.

फरक पडतो तो अंतरात. १:१ साठी १०० मिमीच्या लेन्सला सेन्सरपासून सुमारे ३० सेंमीवर जावे लागते. त्यातून कॅमेऱ्याची आणि लेन्सची लांबी वजा केली की लेन्सचे तोंड आणि किडा यांच्यात चौदा-एक सेंमी उरतात. ६० मिमीला हेच अंतर जेमतेम नऊ सेंमी मिळते. निकॉनची ४० मिमी मायक्रो तर १:१ वर किड्यापासून साडेतीन सेंमीवर येते. खडकवासी, ही लेन्स स्वस्त मिळते म्हणून अनेक जण घेतात, पण तिच्यापुढे कोणताही शहाणा किडा थांबत नाही.

आणखी एक. 'मॅक्रो' असे छापलेल्या सगळ्याच झूम लेन्स १:१ देत नाहीत. पुष्कळशा १:३ किंवा १:४ वर थांबतात. टॅमरॉनच्या जुन्या ७०-३०० वर एक खटका आहे, तो सरकवल्यावर १८० ते ३०० मिमीच्या टप्प्यात जास्तीत जास्त १:२ मिळते. लेन्स घेताना तिच्या नावाकडे न पाहता तांत्रिक माहितीत कमाल मॅग्निफिकेशन किती दिले आहे ते पाहावे.

टाचणी
निरीक्षक यांच्याशी सहमत आहे, मात्र त्यांनी अंतराचा विचार केवळ किड्याच्या भीतीपुरता केला आहे. सारखेच मॅग्निफिकेशन धरले तर लांब लेन्सचा दृष्टिकोन अरुंद असतो आणि म्हणून पार्श्वभूमीचा फार थोडा भाग चौकटीत शिरतो. चतुर किंवा टाचणी असा कीटक गवताच्या पात्यावर बसलेला असताना ६० मिमीने मागची चार पाती, एक दगड आणि माझी स्वतःची पिशवी एवढे सगळे येते; तेथेच १०० किंवा १५० मिमीने सलग हिरवा रंग मिळतो. शिवाय जवळ गेले की लेन्सची सावली किड्यावर पडते ती वेगळीच. जिवंत आणि उडणाऱ्या प्राण्यांसाठी ९० मिमीच्या खालची मॅक्रो मी कोणालाही सुचवणार नाही.

मिरजकर आबा
किडे सोडून जगात इतरही लहान वस्तू आहेत याची आठवण करून देतो. मी जुनी नाणी आणि मोडी कागदपत्रांवरील शिक्के टिपतो. नाणे उडून जात नाही, त्यामुळे त्याच्यापासून किती लांब उभे राहायचे हा प्रश्न माझ्यापुढे नसतो. उलट कॅमेरा उभ्या दांड्यावर खाली तोंड करून लावला की १०० मिमीची लेन्स मोठ्या कागदासाठी फार उंच न्यावी लागते आणि मला स्टुलावर चढावे लागते. ६० मिमीवर मी बसून काम करतो.

खऱ्या मॅक्रो लेन्सचा एक गुण येथे कोणी सांगितलेला नाही. सपाट वस्तू कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सारखी स्पष्ट यावी अशी तिची रचना असते. निकॉनची पहिली मायक्रो लेन्स १९५६ साली आली तीच मुळी कागदपत्रांच्या मायक्रोफिल्मसाठी, बारीक रेघांची जपानी अक्षरे नीट वाचता यावीत म्हणून. नाणे, टपाल तिकीट, नकाशा असे विषय असतील तर साध्या लेन्सपुढचे भिंग कडांना उघडे पडते. कोळ्यासाठी या गुणाचा फारसा उपयोग नाही, कारण कोळी सपाट नसतो. सपाट झालेल्या कोळ्याचे छायाचित्र कोणाला हवे असेल तर गोष्ट वेगळी.

भिंगरी
आबा, सकाळी सकाळी चहा सांडला.

शेवंतीकर, तुमच्या परिचितांचा सल्ला मला पूर्णपणे पटतो, कारण तुमच्याकडे ५५-२५० आहे आणि भिंग लावण्यासाठी हिच्याइतकी सोयीची लेन्स क्वचितच असते. रेनॉक्स कंपनीची दोन भिंगे प्रसिद्ध आहेत. डीसीआर-१५० ची शक्ती ४.८ डायॉप्टर आहे आणि डीसीआर-२५० ची ८ डायॉप्टर. सोबत चिमट्यासारखा अडॅप्टर येतो, तो ५२ ते ६७ मिमी व्यासाच्या फिल्टर-आट्यांवर बसतो. तुमच्या लेन्सचा व्यास ५८ मिमी आहे, म्हणजे प्रश्नच मिटला.

हिशेब अगदी सोपा आहे. लेन्स अनंतावर फोकस केलेली असताना तिच्या मिलिमीटरमधील नाभीय अंतराला, म्हणजे फोकल लेंथला, डायॉप्टरने गुणावे आणि हजाराने भागावे. २५० गुणिले ८ भागिले १००० म्हणजे २, अर्थात २:१. चौकटीत ११ मिमी रुंदीचाच प्रदेश येईल आणि तुमचे अंडे रुंदीचा अकरावा भाग व्यापेल. झूम १०० वर आणली की मॅग्निफिकेशन ०.८ होते आणि चौकटीत २८ मिमी मावतात. थोडक्यात, अळी, कोळी आणि अंडे तिन्ही एकाच जागेवर बसून झूमच्या कडीने साधतात. १:१ ची मॅक्रो लेन्स हे करू शकत नाही.

अंतराविषयीही ऐकून घ्या. ८ डायॉप्टरच्या भिंगाचे नाभीय अंतर १२५ मिमी असते. त्यामुळे मागे कोणतीही लेन्स असो आणि झूम कितीही असो, किडा भिंगापासून साधारण बारा सेंमीवरच स्पष्ट दिसतो. डीसीआर-१५० ला हेच अंतर वीस सेंमीच्या आसपास मिळते, पण २५० मिमीवर मॅग्निफिकेशन १.२ एवढेच मिळते. फुलपाखरांसाठी १५० आणि अंडी-मुंग्यांसाठी २५० असा माझा कौल आहे. झूम ७०-८० च्या खाली नेली तर कोपरे काळे होतात, एवढे मात्र लक्षात ठेवावे.

खडकवासी
म्हणजे लाखभराच्या चर्चेचा निकाल चष्म्याच्या काचेवर लागला.

भिंगरी
चष्म्याच्या काचेत आणि यात फरक आहे. बाजारात +१, +२, +४, +१० असे चार फिल्टरांचे स्वस्त संच मिळतात, त्यांतली प्रत्येक काच एकेरी असते आणि कडांना जांभळ्या-हिरव्या रेघा येतात. रेनॉक्सच्या भिंगात अनेक काचा मिळून हा रंगदोष आवरलेला असतो. पैसे वाचवायचेच असतील तर दुसरीकडे वाचवावेत.

अर्धा स्टॉप
धाग्याची गाडी लेन्सवरच अडली आहे. मॅक्रोमध्ये खरे घोडे अडते ते प्रकाशापाशी आणि स्पष्टतेच्या खोलीपाशी, म्हणजे डेप्थ ऑफ फील्डपाशी. एपीएस-सी कॅमेऱ्यावर मॅक्रो लेन्सने १:१ वर अ‍ॅपर्चर (प्रकाश आत सोडणारे छिद्र; एफचा आकडा मोठा तितके ते लहान) एफ/८ ठेवले तर ही खोली सुमारे ०.६ मिमी भरते, आणि एफ/११ वर ०.९ मिमीच्या आत राहते. २:१ वर जाताच एफ/११ वर ती ०.३ मिमीच्या आसपास येते. मॅग्निफिकेशन आणि अ‍ॅपर्चर तेच असताना ६० मिमीने ही खोली वाढत नाही आणि १०० मिमीने घटत नाही.

मग अ‍ॅपर्चर लहान करावे, तर प्रकाश संपतो. मॅक्रो लेन्स १:१ वर नेली की पडद्यावरचा आकडा तोच राहिला तरी सेन्सरवर पोहोचणारा प्रकाश जवळजवळ दोन स्टॉपने (एक स्टॉप घटणे म्हणजे प्रकाश निम्मा होणे) घटलेला असतो. एफ/११ चे प्रत्यक्षात एफ/२२ झालेले असते. निकॉनचे कॅमेरे हा घटलेला आकडा दाखवतात, म्हणून निकॉनवाल्यांना १०५ मिमी एफ/२.८ लेन्स जवळ नेल्यावर एफ/२.८ का मिळत नाही असे कोडे पडते. कॅननचे डीएसएलआर मूळ आकडाच दाखवतात. प्रकाश दोघांचाही सारखाच जातो.

म्हणून माझा सल्ला असा आहे की लेन्सवर कितीही खर्च करा, पण फ्लॅश आणि डिफ्यूजर (फ्लॅशचा प्रकाश मऊ करणारा पडदा) यांचे पैसे आधी बाजूला काढा. कॅमेरा मॅन्युअल मोडवर, शटर १/२००, आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) १०० ते ४००, अ‍ॅपर्चर एफ/११ आणि फ्लॅश कमी शक्तीवर ठेवावा. अशा वेळी फ्लॅशचा लखलखाट सेकंदाच्या काही हजाराव्या भागापुरताच असतो आणि खरे शटर तोच बनतो. हात हलला काय किंवा मुंगी चालली काय, चित्र गोठते. डिफ्यूजर मात्र किड्याच्या अगदी जवळ आणि शक्य तितका रुंद हवा. मी लेन्सच्या तोंडाशी ट्रेसिंग पेपरच्या दोन थरांचे छत लावतो. त्या छताचे प्रतिबिंब कोळ्याच्या डोळ्यात दिसते, तेव्हा ते टोचणारा पांढरा ठिपका न वाटता मऊ पांढरी खिडकी वाटावी. डिफ्यूजर जमला की नाही, हे मी तेथेच तपासतो.

शेवंतीकर
सर्वांचे मनापासून आभार. अर्धा स्टॉप, मग एफ/२२ किंवा एफ/३२ ठेवून खोली वाढवता येणार नाही का? फ्लॅश तर असणारच आहे.

अर्धा स्टॉप
येणार नाही, कारण मध्ये डिफ्रॅक्शन येते. प्रत्यक्ष अ‍ॅपर्चर एफ/२२ असताना प्रकाशाचा प्रत्येक बिंदू सेन्सरवर सुमारे ०.०३ मिमी व्यासाच्या ठिपक्याएवढा पसरतो. चोवीस मेगापिक्सेलच्या सेन्सरवर एक पिक्सेल ०.००४ मिमीपेक्षाही लहान असतो. त्याहूनही लहान छिद्र ठेवले तर खोली मिळाली तरी मुंगीच्या अंगावरची लव साफ पुसली जाते. १:१ वर आकडा एफ/११, फार तर एफ/१३, आणि त्यापुढे जाऊ नये.

निरीक्षक
अर्धा स्टॉप यांचा हा नियम मॅक्रो लेन्ससाठी बरोबर आहे, पण भिंगरी यांच्या जुळणीला तो जसाच्या तसा लावला तर शेवंतीकरांची दिशाभूल होईल. मॅक्रो लेन्समध्ये प्रकाश घटतो तो जवळच्या फोकसमुळे. लेन्स अनंतावर ठेवून पुढे भिंग लावले तर तशी घट होत नाही. पडद्यावर एफ/११ दिसत असेल तर ते प्रत्यक्षातही एफ/११ च असते. या जुळणीत २:१ वर एफ/११ ठेवले तर खोली सुमारे ०.१ मिमीच मिळेल आणि सगळी चित्रे फसल्यासारखी वाटतील. २:१ च्या मॅक्रो लेन्सवरील एफ/८ शी बरोबरी साधायची तर भिंगाच्या जुळणीत एफ/२२ ठेवावे लागते, आणि डिफ्रॅक्शनही दोन्हीकडे सारखेच पडते. तेव्हा ५५-२५० आणि डीसीआर-२५० घेऊन एफ/१६ ते एफ/२२ वापरायला बिचकू नका.

अर्धा स्टॉप
मान्य. हा मुद्दा माझ्या प्रतिसादात यायला हवा होता.

रानजाई
फ्लॅशच्या या सरसकट पुरस्काराला माझा विरोध नोंदवते. मी कीटकांपेक्षा फुलांवर, विशेषतः सड्यांवरच्या (खडकाळ पठारांवरच्या) फुलांवर काम करते. कासच्या पठारावर सीतेची आसवं, गेंद आणि दवबिंदू नावाची कीटकभक्षी वनस्पती यांची छायाचित्रे काढताना फ्लॅश मारला की मागचे पठार काळे पडते आणि सप्टेंबरातल्या सकाळी घेतलेले चित्र मध्यरात्रीचे वाटू लागते. दवबिंदूच्या पानावर लाल तंतू असतात आणि प्रत्येक तंतूच्या टोकाला चिकट थेंब असतो. सूर्य पानाच्या मागून आणि किंचित बाजूने असेल तर ते थेंब आतून पेटल्यासारखे दिसतात. समोरून मारलेल्या फ्लॅशने ते केवळ चकाकतात.

लेन्सच्या निवडीवरही याचा परिणाम होतो. या फुलांसाठी १:१ पर्यंत जाण्याची वेळ फारशी येत नाही. १:३ किंवा १:२ पुरते, आणि तेवढ्यात फुलासोबत त्याची वस्तीही दिसते. मी ९० मिमीची मॅक्रो वापरते, एफ/५.६ ते एफ/८ ठेवते आणि कॅमेरा तांदूळ भरलेल्या पिशवीवर टेकवते, कारण बहुतेक तिपाया (ट्रायपॉड) जमिनीपासून चार बोटांवर येत नाहीत. पठारावर वारा सारखा असतो, म्हणून शटर दाबण्यापूर्वी झुळूक ओसरण्याची वाट पाहावी लागते. या कामाला भिंग गैरसोयीचे आहे. जवळचे फूल टिपले आणि लगेच मागचा सगळा ताटवा टिपायचा असेल तर भिंग काढावे लागते, कारण ते लावल्यावर लांबचे काहीच फोकस होत नाही. मॅक्रो लेन्स १:१ पासून क्षितिजापर्यंत कोठेही फोकस होते.

आणि हात जोडून एक विनंती. पाऊल टाकण्यापूर्वी खाली पाहावे. ज्या सड्यावर आपण कोपर टेकतो तेथेही बहुधा काहीतरी उगवलेले असते.

अर्धा स्टॉप
रानजाई, फुलांच्या बाबतीत तुमचे म्हणणे रास्त आहे, पण पार्श्वभूमी काळी पडणे हा फ्लॅशचा दोष नसून सेटिंगचा आहे. आयएसओ वाढवून शटर १/६० पर्यंत उतरवले की नैसर्गिक प्रकाशही चित्रात उतरतो आणि फ्लॅश केवळ सावल्या भरतो.

रानजाई
वाऱ्यात १/६० ठेवले की फुलाच्या दोन प्रतिमा उमटतात, एक फ्लॅशची आणि एक वाऱ्याची. एकदा पठारावर या, मग बोलू.

अटलांटिकपार
इकडे न्यू जर्सीतून लिहितो आहे. कोणी मायक्रो फोर थर्ड्स या लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यांचा उल्लेख केलेला नाही याचे आश्चर्य वाटते. ऑलिम्पसची ६० मिमी एफ/२.८ मॅक्रो लेन्स खिशात मावते, तिचे वजन दोनशे ग्रॅमच्याही आत आहे आणि ती १:१ असली तरी प्रत्यक्षात २:१ देते. शिवाय कॅमेरा स्वतःच फोकस सरकवत ओळीने चित्रे घेतो आणि काही मॉडेल ती जोडूनही देतात.

निरीक्षक
ती १:१ च देते. सेन्सर १७.३ मिमी रुंद आहे म्हणून चौकटीत १७.३ मिमी मावतात आणि छापल्यावर किडा मोठा दिसतो. हा सेन्सरच्या आकाराचा परिणाम आहे, लेन्सचा नव्हे. फुल-फ्रेमचे चित्र कापून घेतले तरी तसेच दिसेल.

अटलांटिकपार
कापलेल्या चित्रात पिक्सेल किती उरतात तेही सांगा. मला चौकटीत किती मिलिमीटर मावतात एवढ्याशी मतलब आहे, आणि किड्यालाही बहुधा तेवढ्याशीच असावा.

टाचणी
दोघेही बरोबर आहेत आणि हा वाद आंतरजालाच्या जन्मापासून चालू आहे. शेवंतीकरांकडे कॅनन आहे, तेव्हा कॅमेरा बदलण्याचा सल्ला तूर्त राहू द्या.

मात्र अनेक चित्रे जोडण्याचा, म्हणजे फोकस स्टॅकिंगचा विषय निघाला आहे म्हणून लिहिते. हेलिकॉन फोकस किंवा झेरीन स्टॅकर ही सॉफ्टवेअर हे काम उत्तम करतात, पण विषय स्थिर हवा. हिवाळ्यात पहाटे कीटक गारठलेले असतात, त्यांच्या अंगावर दव असते आणि ऊन लागेपर्यंत ते हलत नाहीत. ही वेळ सर्वांत चांगली. काही मंडळी किडा फ्रिजमध्ये ठेवून गार करतात आणि मग 'निसर्गातील छायाचित्र' म्हणून मिरवतात. असा किडा तज्ज्ञाला बसण्याच्या ढबीवरून कळतो. तो प्रकार कोणी करू नये.

कॉलेजकट्टा
ज्यांच्या खिशात भिंगाचेही पैसे नाहीत त्यांच्यासाठी लिहितो. १८-५५ लेन्स उलटी करून लावण्याची रिंग अगदी किरकोळ पैशांत मिळते. उलट्या लेन्सचे गणितही उलटे असते: झूम ५५ कडून १८ कडे नेली की मॅग्निफिकेशन वाढत जाते. अ‍ॅपर्चर विजेवर चालते, त्यामुळे लेन्स उलटी लावली की ते पूर्ण उघडे राहते. त्यावर उपाय आहे. लेन्स सरळ लावलेली असताना एफ/११ ठेवावे, डेप्थ ऑफ फील्ड प्रिव्ह्यूचे बटन दाबून धरावे आणि तसेच धरून लेन्स काढावी. पाती त्या जागी अडकून राहतात. त्यानंतर व्ह्यूफाइंडरमध्ये इतका अंधार होतो की टॉर्च लागतो.

किडा लेन्सच्या मागच्या काचेपासून चारेक सेंमीवर येतो. आमच्या हॉस्टेलच्या भिंतीवरच्या मुंग्यांना आता याची सवय झाली आहे.

मिरजकर आबा
शाबास. आमच्या वेळी लेन्स उलटी धरून ती सेलोटेपने चिकटवत असू. रिंग ही चैन आहे.

भिंगरी
उलट्या लेन्सची मागची काच आणि विद्युत-संपर्क उघडे राहतात, पावसाळ्यात तेवढे जपावे. कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसणारी पोकळ नळी, म्हणजे एक्स्टेंशन ट्यूब, हाही पर्याय आहे. ट्यूबची लांबी भागिले लेन्सचे नाभीय अंतर एवढे मॅग्निफिकेशन वाढते, म्हणून ५० मिमी एफ/१.८ लेन्सवर ३६ मिमीची ट्यूब लावली की ०.७२ ची भर पडते आणि लेन्सचे मूळचे ०.२१ धरून जवळजवळ १:१ होते. २५० मिमीवर मात्र १२, २० आणि ३६ या तिन्ही ट्यूब एकत्र लावल्या तरी ०.२७ ची भर पडते. म्हणजे छोट्या लेन्सला ट्यूब आणि लांब लेन्सला भिंग. ट्यूब घेताना विद्युत-संपर्क असलेलीच घ्यावी, नाहीतर अ‍ॅपर्चर बदलता येत नाही.

खडकवासी
कॅननची १ ते ५ पट देणारी ६५ मिमी लेन्स कोणी वापरली आहे का? तिची चित्रे पाहून झोप उडते.

अर्धा स्टॉप
मित्राची वापरली आहे. एमपी-ई ६५ ही लेन्स १:१ च्या अलीकडे फोकसच होत नाही, तिला फोकसची कडी नाही आणि ऑटोफोकसही नाही. कडी फिरवून मॅग्निफिकेशन ठरवायचे आणि कॅमेराच पुढे-मागे करायचा. पाच पटीवर एफ/२.८ ला खोली सुमारे ०.०५ मिमी असते, एफ/५.६ केले तर प्रत्यक्ष अ‍ॅपर्चर एफ/३३ च्या पलीकडे जाते. पाच पटीवर हातात धरून किडा शोधायलाच अर्धी बॅटरी जाते. अद्भुत लेन्स आहे, पण पहिली लेन्स म्हणून घेणे म्हणजे पोहायला शिकण्याआधी समुद्रात उडी घेणे.

शेवंतीकर
मंडळी, भिंगरी यांचे ऐकून डीसीआर-२५० मागवले आणि घरी पडून असलेला जुना फ्लॅश वायरीने जोडून, त्यावर ट्रेसिंग पेपरचे छत केले. निरीक्षक यांनी सांगितल्याप्रमाणे एफ/१६ पासून सुरुवात केली. कढीपत्त्यावरचे अंडे मोत्यासारखे गोल दिसले, आणि त्याच्या पृष्ठभागावर छताचा पांढरा चौकोन स्पष्ट उमटला. शेजारच्या पानावर नुकतीच बाहेर पडलेली अळी होती. पक्ष्याच्या विष्ठेसारखे तिचे रंग ठाऊक होते, पण तिच्या अंगावर इतके काटेरी उंचवटे असतात हे डोळ्यांना कधीच दिसले नव्हते.

खिडकीच्या चौकटीवरचा उड्या मारणारा कोळी मात्र विलक्षण निघाला. तो वळून थेट लेन्सकडे पाहतो, आणि एका चित्रात त्याचे पुढचे मोठे डोळे काळेभोर तर लगेचच्या दुसऱ्या चित्रात पिंगट दिसतात. हा माझ्या फ्लॅशचा दोष आहे का?

आणखी एक अडचण आहे. २५० मिमीवर किडा सापडतच नाही, आणि सापडला तर ऑटोफोकस पुढे-मागे घरघरत राहतो.

टाचणी
फ्लॅशचा दोष नाही. उड्या मारणाऱ्या कोळ्याचे पुढचे डोळे बाहेरून स्थिर असतात, पण आतली नळीसारखी दृष्टिपटलाची रचना तो हलवतो. ती तुमच्याकडे रोखलेली असली की डोळा काळा दिसतो आणि बाजूला वळली की फिका. अळीचे उंचवटेही ती मोठी हिरवी होताना नाहीसे होतील, तोवर चित्रे काढत राहा.

भिंगरी
ऑटोफोकस बंद करून टाका. फोकस अनंतावर ठेवा, झूम आधी १०० च्या आसपास ठेवा, किडा सापडला की मग वाढवा. त्यानंतर स्वतःच अगदी हळू पुढे सरका आणि डोळे स्पष्ट होतील त्या क्षणी शटर दाबा. डाव्या हाताने फांदी आणि लेन्सचे तोंड एकत्र धरले तर दोन्ही एकदम हलतात आणि अंतर बदलत नाही. फांदीवर लाल मुंग्यांचे घरटे नाही ना, तेवढे आधी पाहून घ्या.

शेवंतीकर
हे लगेच करून पाहते. आता मूळ प्रश्नाचा उरलेला भाग. कासला जाण्यापूर्वी रानजाईताई म्हणतात तशी ९०-१०० मिमीची मॅक्रो घ्यावी असे वाटू लागले आहे. कॅननच्या १०० मिमीचे दोन प्रकार वापरलेल्या अवस्थेत मिळत आहेत, एक स्टॅबिलायझर असलेला आणि एक नसलेला. जास्तीचे पैसे सार्थकी लागतात का?

निरीक्षक
२००९ साली आलेल्या १०० मिमी एल लेन्समधील स्टॅबिलायझर हाताचे डोलणे आणि सरकणे दोन्ही सावरतो. कंपनीच्याच सांगण्यानुसार लांबच्या विषयाला चार स्टॉपचा फायदा होतो, १:१ वर मात्र दोनच स्टॉपचा. फ्लॅश वापरून किडे टिपणार असाल तर त्याचा उपयोग जवळपास शून्य आहे. फुले, बेडूक, फुलपाखरे असे १:३ च्या आसपासचे विषय नैसर्गिक प्रकाशात हातात कॅमेरा धरून टिपणार असाल तर तो पैसे वसूल करून देतो. काचेच्या गुणवत्तेत दोघींमध्ये असा फरक नाही की ज्यासाठी कर्ज काढावे.

रानजाई
मी स्टॅबिलायझर नसलेली घेईन आणि उरलेल्या पैशांत जमिनीलगत येणारी तिपाई. वारा फूल हलवतो, तेथे स्टॅबिलायझर काहीच करू शकत नाही.

अर्धा स्टॉप
वापरलेली लेन्स घेताना अ‍ॅपर्चर पूर्ण उघडे ठेवून मागून टॉर्च मारा आणि पुढून तिरपे पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू दिसले तर ती बुरशी आहे. विकणारा कितीही गोड बोलला तरी तेथून निघा. सामान्य धूळ असेल तर दुर्लक्ष करा. त्यानंतर लेन्स १:१ पर्यंत फिरवून पाहा, काही नगांची कडी मध्येच अडखळते. घरी आणल्यावर पावसाळाभर हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा आणि जेलचे खडे रंग बदलले की ते तापवून पुन्हा वापरा.

कॉलेजकट्टा
आणि १०० मिमी आली तरी डीसीआर-२५० विकू नका. १:१ वर फोकस केलेल्या मॅक्रो लेन्सपुढे ते लावले की २:१ च्या आसपास जाता येते. विकायचेच असेल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, हॉस्टेलच्या मुंग्या वाट पाहत आहेत.

शेवंतीकर
विकणार नाही. रानजाईताई, त्या तिपाईचा मधला दांडा काढता येतो की आडवा करता येतो? आणि तांदळाची पिशवी पठारावर भिजली तर काय करता?

रानजाई
माझ्या तिपाईला मधला दांडाच नाही, तशीच शोधा. पिशवीला बाहेरून रेक्झिन शिवून घेतले आहे. तरीही भिजलीच, तर घरी आल्यावर तांदूळ बदलते आणि ओले तांदूळ चिमण्यांना घालते.